दहावीनंतर काय, या प्रश्नाच्या आधीचे प्रश्न : ग्रामीण विदर्भातील व्यवसाय मार्गदर्शन आणि मानसशास्त्रीय संशोधन

धागालेखक : पांढरकवडा_मास्तर

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. समुपदेशनाची पदविका घेतल्यापासून शाळेतील व्यवसाय मार्गदर्शनाचे काम माझ्याकडेच आले आहे. दहावीचा निकाल लागला की पालक येतात आणि विचारतात, "सर, याले आता काय लावावं?" आमची मार्गदर्शनाची पद्धत मात्र भलत्याच प्रश्नाचे उत्तर देते : मुलाला काय आवडते? या दोन प्रश्नांमधील अंतराबद्दल संशोधन काय सांगते आणि आपल्या भागात त्यातले काय लागू पडते, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढतो आहे.

व्यवसाय मार्गदर्शनाची सुरुवात बहुधा फ्रँक पार्सन्स यांच्यापासून सांगितली जाते. बोस्टनमध्ये १९०८ साली त्यांनी मार्गदर्शन केंद्र उघडले, त्याच वर्षी त्यांचे निधन झाले आणि त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. स्वतःला ओळखा, कामांचे जग ओळखा आणि मग दोहोंचा मेळ विचारपूर्वक घाला, ही त्यांची त्रिसूत्री. जॉन हॉलंड यांनी १९५९ पासून याच विचाराला माणसांच्या आणि कामांच्या सहा प्रकारांची चौकट दिली : वास्तववादी, शोधक, कलात्मक, सामाजिक, उद्यमी आणि परंपरानिष्ठ. आज इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या बहुतेक अभिरुची चाचण्या या चौकटीवरच उभ्या आहेत. आपल्या राज्यातही २०१६ पासून काही वर्षे दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली गेली आणि कृषी, कला, मानव्यविद्या, वाणिज्य, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक, गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांपैकी विद्यार्थ्याचा कल कोणीकडे आहे ते कळवले गेले.

हेतू चांगलाच होता. माझा आक्षेप वेगळा आहे. "तुम्हाला प्रयोगशाळेत काम करायला आवडेल का?" हा प्रश्न ज्या मुलाने प्रयोगशाळेचे कपाट कुलपाविना कधी पाहिलेलेच नाही, त्याला विचारून मिळालेल्या उत्तराला अभिरुची म्हणावे का? लेंट, ब्राउन आणि हॅकेट यांनी १९९४ मध्ये मांडलेला सामाजिक-बोधात्मक सिद्धान्त इथे उपयोगी पडतो. अल्बर्ट बांडुरा यांच्या स्व-क्षमतेच्या, म्हणजे "हे मला जमेल" या विश्वासाच्या, संकल्पनेवर तो आधारलेला आहे. त्याच्या मते आवड ही माणसाच्या आत आधीपासून ठेवलेली वस्तू नसते. एखादी गोष्ट करून पाहिली, ती जमली, तिचा उपयोग होईल असे वाटले, की त्यातून आवड उगवते. करून पाहण्याची संधीच नसेल तर चाचणी आवड मोजत नाही, ती अनुभवाचा अभाव मोजते आणि त्या अभावाला कल असे नाव देते.

याची उलट बाजूही आहे, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. आमच्या वर्गातल्या मुलींपैकी कित्येकजणी वेचणीच्या दिवसांत आईसोबत वावरात जातात आणि संध्याकाळी मापाचा हिशोब तोंडी करतात : किती किलो वेचले, दर काय ठरला, उचल किती घेतली होती आणि हातात किती यायला हवे. फवारणीचा पंप उघडून वॉशर बदलणारी मुले तर घरोघरी आहेत. यातले काहीही कुठल्या प्रश्नावलीत येत नाही, आणि मुलांनाही ते सांगण्यासारखे वाटत नाही. "तुला काय आवडते" याऐवजी "घरी कोणते काम तुझ्याशिवाय अडते" असे विचारले, तर मुले बोलू लागतात, हा माझा अनुभव आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडले की मुले व्यवसाय निवडण्याआधी व्यवसाय वगळत जातात. सहा ते आठ वर्षांच्या वयात "हे बायकांचे काम, ते पुरुषांचे" अशी चाळणी लागते, नऊ ते तेरा या वयात "हे आपल्यासारख्यांचे नव्हे" अशी दुसरी लागते, आणि आपल्या आवडीचा विचार त्यानंतर सुरू होतो. म्हणजे आपण दहावीत मार्गदर्शन करायला बसतो, तेव्हा बरीचशी यादी मुलाने स्वतःच खोडून टाकलेली असते आणि उरलेल्या तीन-चार नावांवर आपण चर्चा करतो.

तिसरा मुद्दा निवडीच्या मुभेचा. डेव्हिड ब्लूस्टीन यांनी २००६ पासून सातत्याने मांडले आहे की हे सगळे सिद्धान्त ज्यांना निवडीची मुभा आहे अशा लोकांना समोर ठेवून रचले गेले आणि जगातील बहुसंख्य माणसे मिळेल ते काम करतात. भारतात बंगळुरूच्या गिडियन अरुलमणी यांनी व्यवसायविषयक समजुतींवर काम केले. २००३ मधील त्यांच्या अभ्यासात भारतीय शाळकरी मुलांच्या समजुती आणि घरची आर्थिक-सामाजिक स्थिती यांचा संबंध तपासला आहे. "शिकून तरी काय होते", "आपल्या हातात काही नाही", "सगळे जे करतात तेच करावे" अशा समजुती घरातून, नातलगांतून येतात. त्या दूर न करता दिलेली माहिती मुलाच्या कानापर्यंत पोहोचते, पुढे जात नाही.

मग कशाचा उपयोग होतो? व्हिस्टन आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये व्यवसाय समुपदेशनावरील प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात सर्वांत वजनदार घटक निघाला तो समुपदेशकाचा आधार. समोर माणूस नसलेले, केवळ संगणकावर किंवा कागदावर उरकलेले मार्गदर्शन तुलनेने कमी परिणामकारक ठरले. आपल्याकडे मात्र शाळांना चाचण्या दिल्या जातात, माणूस दिला जात नाही. ज्याच्याकडे तास कमी असतात त्या शिक्षकाच्या गळ्यात हे काम पडते.

आपापल्या तालुक्यातील अनुभव लिहावेत. मतभेद असतील तर तेही.

---

कास्तकारपुत्र

मास्तर, लेख वाचला. बहुतांश पटला, तरी मला मूळ निदानच वेगळे वाटते. हा प्रश्न मानसशास्त्राचा कमी आणि रोकडीचा जास्त आहे. प्रवेशाचे दिवस कोणते? जून आणि जुलै. त्याच दिवसांत पेरणी असते. बियाणे, खत, ट्रॅक्टरचे भाडे यांत हातातला पैसा गेलेला असतो, पीक कर्जासाठी बँकेत चकरा चालू असतात आणि पाऊस दडी मारेल या भीतीने दुबार पेरणीची तरतूदही बाजूला ठेवावी लागते. अशा वेळी पोरगा म्हणतो, अमरावतीला किंवा नागपूरला प्रवेश घ्यायचा आहे, खोलीभाडे आणि खानावळ धरून इतके लागतील. बाप "नाही" म्हणतो. मग तुम्ही म्हणणार की बापाच्या समजुती प्रतिकूल आहेत. समजुती नव्हे, खिसा प्रतिकूल आहे. हाच प्रश्न तुम्ही जानेवारीत, कापूस विकल्यावर विचारला असता तर कदाचित उत्तर वेगळे मिळाले असते.

---

पांढरकवडा_मास्तर

कास्तकारपुत्र, आपला मुद्दा मला प्रतिवाद वाटत नाही, कारण नेमक्या याच गोष्टीवर मानसशास्त्रीय संशोधन झालेले आहे. मणी, मुलईनाथन, शफीर आणि झाओ यांनी २०१३ मध्ये तामिळनाडूतील ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच शेतकऱ्यांना कापणीआधी, म्हणजे पैशाची चणचण असताना, आणि कापणीनंतर पैसा हाती आल्यावर तर्काच्या चाचण्या दिल्या. तोच माणूस चणचणीच्या दिवसांत कमी गुण मिळवताना दिसला. संशोधकांचा अर्थ असा की पैशाची विवंचना मनाची बरीचशी जागा अडवून बसते आणि दूरचा विचार करायला उरते ती थोडीच.

याविषयी सावधही राहायला हवे. कार्व्हालो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेतील कमी उत्पन्नाच्या लोकांवर, पगाराच्या आधी आणि नंतर, अशीच तुलना केली तेव्हा बौद्धिक चाचण्यांत असा फरक आढळला नाही. पगाराच्या आधीचे चार दिवस आणि हंगामाच्या आधीचे चार महिने यांची तुलना कितपत न्याय्य आहे, हा प्रश्न मला पडतो. पण एका अभ्यासावरून "गरिबीमुळे बुद्धी चालत नाही" असे सरसकट विधान करणे चूक ठरेल, आणि ते अपमानास्पदही आहे.

आपल्या प्रतिसादातून निघणारी व्यवहारातील सूचना मात्र फार मोलाची आहे. पालकांशी बोलणी जूनमध्ये न करता डिसेंबर-जानेवारीत करावीत. तोपर्यंत कापसाचा पैसा थोडाफार आलेला असतो, तूर उभी असते, आणि पुढच्या जूनच्या खर्चाचा भाग त्याच वेळी बाजूला काढता येतो.

---

वैनगंगाकाठ

आमच्या धानपट्ट्यात, म्हणजे ब्रह्मपुरी-लाखांदूर भागात, पैसा हाती येण्याचे हे दिवस थोडे आधी येतात, कारण धान दिवाळीच्या आसपास निघतो. पण तत्त्व तेच आहे.

मला मुलींबद्दल लिहायचे आहे, कारण मूळ लेखात त्या वेचणीपुरत्याच आल्या. आमच्या गावातील मुलीने अकरावीला कोणती शाखा घ्यायची हे तिच्या कलावर ठरत नाही, बसच्या वेळापत्रकावर ठरते. मुलींसाठीची मानव विकास योजनेची बस ज्या गावाकडे जाते, तिथल्या महाविद्यालयात जी शाखा असेल ती मुलीची शाखा. विज्ञान शाखेचे प्रात्यक्षिक दुपारी उशिरा संपत असेल आणि परतीची बस त्याआधी सुटत असेल, तर विज्ञान संपले. हा अडथळा कुठल्याही समुपदेशनाने दूर होणार नाही. तो आगार व्यवस्थापकाला निवेदन देऊन दूर होतो, आणि आमच्याकडे एका फेरीच्या बाबतीत तो तसा झालाही आहे.

तरीही मन बदलत नाही असे मी म्हणणार नाही. बीमन, डफ्लो, पांडे आणि टोपालोवा यांचा २०१२ मधील पश्चिम बंगालचा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. ४९५ गावांत त्यांनी ११ ते १५ वर्षांच्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना भविष्याविषयी विचारले. ज्या गावांत दोन निवडणुकांच्या काळात सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव राहिले, तिथे मुलगे आणि मुली यांच्या आकांक्षांमधील तफावत ३२ टक्क्यांनी कमी झाली, शिक्षणातील तफावत तर पुसली गेली, आणि मुलींचा घरकामातील वेळही घटला. गावात मुलींसाठी नव्या नोकऱ्या आलेल्या नव्हत्या. म्हणजे हा परिणाम समोर दिसणाऱ्या बाईचा होता. आपल्या राज्यात पंचायतींत स्त्रियांना ५० टक्के आरक्षण २०११ पासून आहे. सरपंचबाईंच्या खुर्चीवर त्यांचे यजमान बसत असतील तर मुलींना काय दिसते, हा मात्र वेगळा आणि कडू विषय आहे.

---

कापूसकोंड्या

मला इतके सिद्धान्त समजत नाहीत. भाच्याला दहावीनंतरच्या अभ्यासक्रमांची माहिती मराठीत हवी आहे. कुठे मिळेल?

---

पांढरकवडा_मास्तर

राज्याच्या शिक्षण विभागाने युनिसेफच्या साहाय्याने २०२० मध्ये सुरू केलेले महाकरिअर पोर्टल पाहावे. तिथे अभ्यासक्रम, महाविद्यालये आणि शिष्यवृत्त्यांची माहिती एकत्र दिलेली आहे. पोर्टलवर लॉगिन करण्याची पद्धत शाळेतील वर्गशिक्षकांना विचारून घ्यावी. त्याखेरीज आपल्या तालुक्याच्या आयटीआयमध्ये भाच्याला प्रत्यक्ष घेऊन जावे. कार्यशाळेत उभे राहून वेल्डिंग आणि वायरिंग पाहिल्यावर जे कळते ते पडद्यावर वाचून कळत नाही.

---

अभ्यासिका_उमरखेड

या धाग्यावर अजून कोणी आमच्याबद्दल बोललेले नाही, म्हणून लिहितो. मी पदवीनंतर स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पहाटे रस्त्यावर १६०० मीटरची वेळ लावून धावणारी पोलीस भरतीची मुले आणि दिवसभर अभ्यासिकेत बसणारे आम्ही, आम्हाला सगळे एकच सल्ला देतात : "दुसरा पर्याय ठेवा." हा सल्ला देणाऱ्यांच्या मते आम्ही भ्रमात आहोत. मला ते मान्य नाही. ओळख लागत नाही, अर्ज कुठे करायचा आणि निवड कशी होते हे जाहिरातीत छापलेले असते, अशी आमच्यासाठी दुसरी कोणती वाट आहे? खाजगी कंपनीतील जागा कधी निघाली आणि कधी भरली, हे आम्हाला निकालानंतरही कळत नाही. जिचे नियम आधी जाहीर होतात ती परीक्षा निवडणे हा विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. मास्तरांनी "सगळे जे करतात तेच करावे" ही समजूत म्हणून सांगितली, पण कधीकधी सगळे जे करतात त्यामागे कारण असते.

त्रास परीक्षेचा नाही, मधल्या काळाचा आहे. जाहिरात येत नाही, आली तर पुढे ढकलली जाते, आणि वय सरकत राहते. घरी लग्नकार्यात जाणे मी बंद केले आहे, कारण पहिला प्रश्न ठरलेला असतो.

---

समुपदेशिका_अकोला

उमरखेडच्या भावाने मांडलेला मुद्दा अभ्यासाच्या दृष्टीने फार नेमका आहे, म्हणून त्यालाच आधी उत्तर देते. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे एका गिरणीवर जगणारे गाव होते. गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझल यांनी तिथे राहून केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांना रिकामा वेळ भरपूर मिळाला होता, तरी ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली होती, आणि रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांचा वेगसुद्धा मंदावला होता. याहोडा यांनी पुढे मांडले की नोकरी पगाराखेरीज पाच गोष्टी देते : दिवसाला आखणी, घराबाहेरची माणसे, सामूहिक उद्दिष्ट, समाजातील स्थान आणि नियमित कृती. वाट पाहणाऱ्या तरुणाकडून या पाचही हळूहळू काढून घेतल्या जातात. अभ्यासिका त्यातील निदान दोन-तीन परत देते. म्हणून परीक्षेच्या निकालापलीकडेही मुले तिथे येत राहतात, असे मला वाटते. "दुसरा पर्याय ठेवा" असे सांगण्याऐवजी मी विचारते की तयारी चालू ठेवून आठवड्यातले काही तास कोणते काम करता येईल. सेतू केंद्रात, कृषी सेवा केंद्रात, शिकवणीत. उद्देश उत्पन्नाचा असतोच, पण समाजातील स्थानाचा जास्त असतो.

आता दुसरे, आणि ते शिक्षकांसाठी. व्यवसाय मार्गदर्शनाला बसलेले मूल अनेकदा व्यवसायाबद्दल बोलत नसते. "मला काहीच करायचे नाही" या वाक्यामागे कधी आळस असतो, कधी भीती, आणि कधी खरोखरचे नैराश्य. आपल्या भागात घरात आत्महत्या झालेली मुले वर्गात असतात आणि शिक्षकाला ते ठाऊकही असते. अशा वेळी कलचाचणीचा कागद बाजूला ठेवावा.

विदर्भातील खेड्यात मानसिक आरोग्याची सेवा चालू शकते, याला पुरावा आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन नैराश्याविषयी बोलणे, गरज असेल त्याला समुपदेशन देणे आणि गंभीर रुग्णाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे, अशी त्याची रचना होती. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, आधी आणि नंतर अशीच पाहणी होती, ही त्याची मर्यादा लक्षात ठेवूनही हा फरक मोठा आहे. राज्य शासनाचा शेतकरी समुपदेशनाचा प्रेरणा प्रकल्पही २०१५ पासून विदर्भ आणि मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत सुरू झाला. तातडीने बोलायचे असेल तर टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे. हा क्रमांक प्रत्येक वर्गात लावावा.

---

वैनगंगाकाठ

ताई, एक अडचण विचारते. खेड्यात गुप्तता कशी पाळायची? आमच्या शाळेत समुपदेशनासाठी स्वतंत्र खोली नाही. मूल शिक्षकासोबत एकटे बसले की मधल्या सुट्टीपर्यंत शाळेला कळते आणि संध्याकाळपर्यंत गावाला.

---

समुपदेशिका_अकोला

अडचण खरी आहे आणि तिच्यावर पूर्ण उपाय नाही. आम्ही दोन गोष्टी करतो. एक, वर्गातील प्रत्येक मुलाला हजेरीच्या क्रमाने बोलावतो, त्यामुळे "हिलाच का बोलावले" हा प्रश्न उरत नाही. दोन, बंद खोलीऐवजी व्हरांड्यात किंवा मैदानाच्या कडेला बसतो, जिथे सगळ्यांना दिसते पण ऐकू येत नाही. मुलींच्या बाबतीत तर हे आवश्यकच समजावे. आणि सुरुवातीलाच मुलाला सांगावे की तू जे बोलशील ते माझ्यापाशी राहील, मात्र तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असे वाटले तर मला घरच्यांना किंवा डॉक्टरांना सांगावे लागेल. ही अट आधी न सांगता नंतर घरी कळवले, तर ते मूल पुन्हा कोणाजवळही बोलत नाही.

---

पांढरकवडा_मास्तर

हजेरीच्या क्रमाने बोलावण्याची कल्पना उत्तम आहे; ती आम्ही पुढच्या सत्रापासून उचलतो.

उमरखेडच्या मित्राचा मुद्दा मी मान्य करतो. सगळे करतात त्याला कारण असते. माझा प्रश्न इतकाच की ते कारण प्रत्येकाने स्वतः तपासलेले असते का. आपण तपासले आहे, हे आपल्या लिहिण्यावरून दिसते; वर्गातील बारा-तेरा वर्षांच्या मुलांनी ते तपासलेले नसते.

म्हणून आमच्या शाळेत मी एवढेच करू पाहतो आहे. आठवीपासून प्रत्येक मुलाची एक वही, ज्यात घरी आणि वावरात केलेल्या कामांची नोंद तो स्वतः लिहितो आणि त्यातले काय जमले, काय जमले नाही, तेही लिहितो. संशोधनात लिखित स्वाध्याय आणि त्यावर वैयक्तिक चर्चा या दोन्हींचा उपयोग दिसून आला आहे, आणि वहीला फारसा खर्च येत नाही. नववीत गावातून बाहेर पडलेली पण अजून गावाशी संबंध असलेली माणसे वर्गात बोलावतो; जिल्हाधिकारी नव्हेत, तर आमच्याच शाळेतून गेलेली परिचारिका, लाइनमन, पशुधन पर्यवेक्षक, बुटीबोरीच्या कारखान्यातील फिटर. जिल्हाधिकाऱ्यांचे भाषण मुले टाळ्या वाजवून ऐकतात आणि विसरतात; फिटरला मात्र ती पगार, खोलीभाडे आणि रात्रपाळी विचारतात. दहावीच्या पालकांची बैठक जानेवारीत, आणि तिथे अभ्यासक्रमांच्या यादीआधी खर्चाचा तक्ता : प्रवेश शुल्क, बस, वसतिगृह, शिष्यवृत्ती केव्हा जमा होते आणि तोपर्यंत पैसे कोण भरणार.

---

कास्तकारपुत्र

शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. शिष्यवृत्ती आहे हे सगळे सांगतात, ती जमा होईपर्यंतच्या महिन्यांचे कोणी सांगत नाही. तक्त्याचा नमुना इथे टाकता आला तर टाकावा. आमच्या गावच्या शाळेत देतो.

---

पांढरकवडा_मास्तर

टाकतो. यवतमाळपुरता आहे, खोलीभाडे आणि खानावळीचे दर आपल्याला अकोला-अमरावतीप्रमाणे बदलावे लागतील. वैनगंगाकाठ यांनी बसच्या वेळांचा एक रकाना सुचवावा, तो आमच्या तक्त्यात नाही.